ओळख पटल्यानंतर

वारस : आमच्या घरातलं रिव्हॉल्व्हर नेमकं कोणतं, हे आता मी ठामपणे सांगू शकते. इतकी वर्षं घरात त्याला नुसतं ‘साहेबाचं पिस्तूल’ म्हणत. कुणी म्हणे ते जर्मन आहे, कुणी म्हणे पहिल्या महायुद्धातलं. भिंगाखाली धरून अक्षरं वाचली तेव्हा या सगळ्या कहाण्या बाजूला पडल्या. चौकटीवर ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ असं आहे. ही कंपनी १८९७ साली झाली. तेव्हा तिच्या नावात ‘रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ असे आणखी शब्द होते, ते १९०६ मध्ये गेले. म्हणजे हे हत्यार १९०६ नंतरचं. वरच्या पट्टीवर विकणाऱ्याचं नाव आहे, ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ शेवटची तीन अक्षरं म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. या सोसायटीने १९३४ मध्ये नाव बदलून ‘स्टोअर्स’ केलं, म्हणजे हत्यार त्याच्या आधीचं. शिवाय नळीवर आणि सिलिंडरच्या सहाही घरांवर मुकुटाखाली ‘एन.पी.’ असा बारीक शिक्का आहे. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा हा शिक्का १९०४ ते १९५४ या काळात चालत होता. बिनधुराच्या दारूचं जास्त ताकदीचं काडतूस उडवून हत्यार तपासलं आणि ते टिकलं, असा त्याचा अर्थ. एकच गोष्ट तीन स्वतंत्र ठिकाणांहून सिद्ध होते आहे. शिवाय या सोसायटीचं दुकान १८९१ पासून मुंबईत होतं. काळा घोड्याजवळची ती इमारत आजही उभी आहे. पणजोबा कामासाठी मुंबईला जात. परवाना माझ्या नावावर झाला आहे. आता मला ते एकदा रीतसर रेंजवर चालवायचं आहे.

साशंक : तुझ्या वाचनात चूक नाही. तारखा तू ज्या पद्धतीने दोन्ही बाजूंनी आवळत आणल्यास, ती पद्धतही योग्य आहे. बहुतेक लोक उलटं करतात. आधी इंटरनेटवर सारखं दिसणारं चित्र शोधतात आणि मग आपल्या हातातल्या वस्तूत ते चित्र पाहू लागतात. पण काळा घोड्यापाशी तू एक पाऊल जास्त टाकलंस. पट्टीवरचं नाव विकणाऱ्याचं आहे, विकत घेणाऱ्याचं नाही. तेच नाव कोरलेली हत्यारं लंडनच्या मुख्य दुकानातूनही विकली जात. हिंदुस्थानात यायला निघालेले इंग्रज अधिकारी तिथून सगळं सामान घेऊनच बोटीत चढत. तेव्हा एखाद्या साहेबाने ते लंडनला घेतलं आणि जाताना तुझ्या पणजोबांना दिलं, हेही तितकंच शक्य आहे. घरातली ‘साहेबाचं पिस्तूल’ ही जुनी गोष्ट तू बाजूला सारलीस. धातूवरच्या अक्षरांनी तिला अजून खोटं ठरवलेलं नाही.

दुसरं, शिक्क्यांवर विसंबतानाही सावध राहावं लागतं. बर्मिंगहॅमचा चाचणी-शिक्का म्हणजे बर्मिंगहॅमची घडण, असं समीकरण लोक मांडतात. बेल्जियम आणि स्पेनमधली हत्यारंही इंग्लंडात विकायची तर तिथल्या प्रूफ हाउसमधूनच जात. १९२५ पासून त्यांच्यावर ‘नॉट इंग्लिश मेक’ असं ठोकायला लागले. त्याआधी तसं काही नसे. स्पेनमधल्या एइबार गावात तर नावाजलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या नकला ढिगाने बनत, आणि नळीवर ‘अमुक कंपनीच्या काडतुसांसाठी’ असं लिहिताना त्या कंपनीचं नाव ठसठशीत आणि बाकीचे शब्द बारीक, अशी युक्ती असे. तुझं रिव्हॉल्व्हर नक्कल आहे असं मी म्हणत नाही. चौकट, नळी आणि सिलिंडर या तिन्हींवरचा क्रमांक एकच आहे का, हे पाहिलंस?

वारस : पाहिलं. तिन्ही जुळतात. बाण कुठेही नाही, म्हणजे सरकारी मालमत्तेची खूण नाही. लष्करातून ‘हरवलेलं’ हत्यार घरात आलं असेल अशी एक धास्ती होती, तीही त्यामुळे मिटली. आणि साहेबाची गोष्ट मी पुसून टाकत नाही, ती मी पेन्सिलीने लिहून ठेवीन, क्रमांक शाईने.

पण तुमचं खरं म्हणणं ओळखीबद्दल नाही, हे मला दिसतंय. तुम्हाला ते चालवणंच मंजूर नाही. त्याचं कारण मला ऐकायचं आहे, कारण जुनं म्हणजे धोक्याचं, एवढ्याने माझं समाधान होत नाही. याच घराण्याची याहून जुनी, याहून दांडगी .४५५ ची लष्करी रिव्हॉल्व्हरं अमेरिकेतले शौकीन आजही निगुतीने चालवतात. आणि माझं काडतूस काही मृत नाही. .३२ लाँग १८९६ पासून आहे, आपल्या आयुध निर्माणीचं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाचं आहे, आणि २५ मीटर सेंटर-फायरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जगातले उत्तम नेमबाज आजही हेच काडतूस पसंत करतात, ते सौम्य आणि अचूक आहे म्हणून. बिनधुराच्या दारूने तपासलेलं हत्यार, आजही बनणारं सौम्य काडतूस, आणि रेंजची सुरक्षित जागा. मग अडचण कुठे आहे?

साशंक : अडचण त्या ‘तपासलेलं’ या भूतकाळी शब्दात आहे. प्रूफ हाउसने जे पाहिलं ते कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या हत्याराचं पोलाद. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत त्याने काय सोसलं, ते त्या शिक्क्याला माहीत नाही. तुझ्या हाती त्याची जन्मपत्रिका आली आहे. आजच्या तब्येतीचा कागद तुझ्याकडे नाही. ते कुणाच्या हातून दगडावर पडलं का? पणजोबांच्या शेतावर कुणी चुकीचं काडतूस कोंबून उडवलं का? एखादी गोळी नळीत अडकली आणि ती सळईने ठोकून काढली का? कोकणातल्या चार पावसाळ्यांत ते तेलाच्या फडक्याविना चामड्याच्या म्यानात राहिलं का? चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि दमट हवा मिळून म्यानातल्या म्यानात धातू खातात. बाहेरून हत्यार सुंदर दिसतं आणि आत, जिथे काडतूस बसतं त्या घराच्या भिंतीत, खड्डे पडलेले असतात.

आणि तुझं हत्यार मधून मोडणाऱ्या बांधणीचं आहे, हे विसरू नकोस. नळी आणि चौकट बिजागरीवर जोडलेली, वर एका कुलपाने धरलेली. गोळी सुटते तेव्हा सगळा जोर त्या कुलपावर आणि बिजागरीच्या खिळीवर येतो. अखंड चौकटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा जोर सलग पोलाद झेलतं. इथे दोन जोड झेलतात. हे जोड झिजले की नळी किंचित हलते. बोटाला जाणवेल न जाणवेल इतकीच. पण त्या हलण्याने काडतुसाच्या बुडामागची फट वाढते, आणि दर गोळीला जोड आणखी झिजतो.

काडतुसाचं तू जे सांगितलंस, तिथेच मला सर्वांत जास्त भीती वाटते. चौकटीवर .३२ लिहिलंय. कुठलं .३२?

वारस : रिव्हॉल्व्हरचं. आपल्याकडे दुसरं कुठलं मिळतं?

साशंक : मिळतं. दुकानात ‘.३२ ची द्या’ म्हणून पाहा. एक .३२ रिव्हॉल्व्हरचं, लांब, बुडाला पूर्ण कडा असलेलं. दुसरं .३२ पिस्तुलाचं, बुटकं, अर्धवट कडा असलेलं. पिस्तुलाचं हे बुटकं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात पुष्कळदा अलगद बसतं आणि उडतंही. अमेरिकी मानकांप्रमाणे लांब काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला सुमारे १५,००० पौंड, आणि त्या बुटक्याचा २०,५००. दिसायला लहान, दाब दीडपटीच्या जवळ. माणूस नेमकं उलटं समजतो. हे झालं आजचं. तुझं हत्यार ज्या काळातलं आहे, त्या काळात .३२ ची आणखी एक आखूड जात रिव्हॉल्व्हरसाठी चालत होती, १८७८ मध्ये काळ्या दारूसाठी निघालेली. तुझ्या सिलिंडरची घरं आखूड काडतुसासाठी कोरलेली आहेत की लांबासाठी, हे वरच्या अक्षरांवरून कळत नाही. ‘बसलं म्हणजे त्याचंच’ हा नियम जुन्या हत्यारांना लागू होत नाही, आणि या एका गैरसमजाने जितकी जुनी रिव्हॉल्व्हरं फाटली असतील तितकी निव्वळ म्हातारपणाने फाटली नसतील.

.३८ चं उदाहरण घे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनसाठी लाखो रिव्हॉल्व्हरं पाठवली, .३८ च्या ब्रिटिश काडतुसासाठी घडवलेली. युद्धानंतर त्यातली कित्येक लोकांनी आत कोरून .३८ स्पेशलसाठी लांब करून विकली. स्पेशल काडतूस लांब, पण अंगाने बारीक. तेव्हा घराच्या तोंडाला ते नीट बसे आणि बुडाकडे सैल राही. उडवल्यावर पितळी टरफल बुडाकडे फुगून, कधी फाटूनच बाहेर येई. हत्यार अस्सल, क्रमांक अस्सल, कंपनी जगातली नावाजलेली, आणि तरी हातात धरायला धोक्याचं, कारण मधल्या काळात कुणीतरी आतला आकार बदलला होता आणि बाहेरची अक्षरं तशीच राहिली होती.

वारस : हे पटलं. पण पाहा, तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासता येण्यासारखी आहे. घरांचा आकार मोजायचा तर बिस्मथच्या मिश्रधातूचा साचा घेतात. तो धातू पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी वितळतो, थंड झाला की घराचा हुबेहूब ठोकळा हातात येतो आणि तो सूक्ष्ममापीने मोजता येतो. आखूड की लांब, याचं उत्तर त्या ठोकळ्यात आहे. कुलपाचं हलणं फीलर गेजने मोजता येतं. घोडा ओढून चाप दाबून धरला की सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसतो का, प्रत्येक घर नळीच्या रेषेत येतं का, हे सहाही घरांसाठी एकेक करून नळीतून दांडा घालून पाहता येतं. नळीत उजेड सोडून पाहिलं तर आट्यांतले खड्डे दिसतात, आणि कधीकाळी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली असेल तर नळीत एक काळसर कडं दिसतं. पोलादातले तडे शोधायलाही शास्त्र आहे. रंगीत द्रव पृष्ठभागावर सोडून पुसला की तड्यात शिरलेला द्रव परत वर येतो. चुंबकीय पद्धतीने तर पृष्ठभागाच्या जरा खालचाही तडा पकडता येतो. पिंपरी-चिंचवडला मोटारींच्या भागांसाठी हे रोज होतं.

भीती ही मोजमापाच्या आधीची अवस्था आहे, असं मला वाटतं. मोजलं की तिचं रूपांतर ‘होय’ किंवा ‘नाही’मध्ये व्हायला हवं. तुम्ही मात्र मोजायच्या आधीच ‘नाही’ म्हणता आहात.

साशंक : मोजमापाला माझा विरोध नाही, उलट तू या क्रमाने विचार करतेस याचं समाधान वाटतं. फक्त दोन गोष्टी. पहिली, ते हत्यार तू पिंपरीच्या प्रयोगशाळेत ठेवून घरी येऊ शकत नाहीस. परवाना तुझ्या नावावर आहे, तिथल्या माणसाच्या नाही. त्याच्या ताब्यात ते सोडणं म्हणजे परवाना नसलेल्या माणसाच्या हाती शस्त्र देणं. हे सगळं परवानाधारक शस्त्रविक्रेत्या-दुरुस्तीवाल्यामार्फतच व्हायला हवं. आणि तिथेही एक भलताच धोका असतो. चांगल्या मनाचा कारागीर म्हणेल, ताई, जरा पॉलिश करून देतो, काळा रंग नवा चढवून देतो, जुनी स्प्रिंग बदलतो. त्याला नको म्हण. तुझी सगळी तारीखवारी ज्या अक्षरांवर उभी आहे ती केसाएवढ्या खोलीची आहेत. एकदा पॉलिशच्या चाकाखाली गेली की एन.पी. गेलं, सी.एस.एल. गेलं.

लाहोरात १९२८ च्या डिसेंबरात पोलीस अधिकारी साँडर्सवर झाडलं गेलेलं भगतसिंगांचं कोल्ट पिस्तूल आठव. ते पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस अकादमीतून इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात आलं आणि वर्षानुवर्षं तिथे होतं. पाहणाऱ्यांच्या समोर होतं आणि ते कुणाचं आहे हे कुणाला माहीत नव्हतं, कारण गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. २०१६ मध्ये तो रंग काढला तेव्हा १६८८९६ हा क्रमांक दिसला आणि खटल्याच्या कागदांतल्या क्रमांकाशी जुळला. मला त्यात नेहमी जाणवतं ते हे की जतन करणाऱ्याने फक्त रंग लावला, घासलं नाही. घासलं असतं तर भगतसिंगांच्या हातातलं ते पिस्तूल आज आपल्याला कायमचं अनोळखी असतं. तेव्हा तुझ्या हत्यारावरचा गंजसुद्धा हलक्या तेलाच्या बोटाने निघेल तेवढाच काढ.

दुसरी गोष्ट मोजमापाच्या मर्यादेची. समज, सगळं मोजलं आणि सगळं ठीक निघालं. साचा सांगतो घर लांब काडतुसाचं आहे, कुलूप घट्ट आहे, तडा दिसत नाही. ‘दिसत नाही’ एवढंच. पोलाद थकतं ते तडा दिसण्याच्या आधीपासून थकतं. त्या काळी एकाच कारखान्यातल्या दोन भट्ट्यांचं पोलाद सारखं असेलच असं नव्हतं. उष्णतेने कडक करण्याचं काम कारागिराच्या नजरेवर, तापलेल्या लोखंडाच्या रंगावर चाले. म्हणून तू विचारशील की सुरक्षित आहे का, तर कुठलाही प्रामाणिक जाणकार ‘दोष सापडला नाही’ एवढंच लिहून देईल. ‘सुरक्षित’ असं लिहून देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

वारस : पण हे तर प्रत्येक यंत्राला लागू आहे! आपण ज्या बसने घाटातून जातो तिच्या आसाबद्दलही कुणी याहून जास्त सांगू शकत नाही. ‘दोष सापडला नाही’ या तीन शब्दांवर सगळं जग चालतं. धोका शून्यावर आणल्याशिवाय काही करायचं नाही, असा नियम तुम्ही फक्त माझ्या रिव्हॉल्व्हरला लावता आहात.

आणि धोका कमी करायच्या रीती आहेतच. पहिली गोळी हातात धरून झाडायची नाही; हत्यार शिकंज्यात बांधून, दोरीने चाप ओढून, आडोशामागून झाडायची. टरफल काढून त्याचं बूड पाहायचं, प्राइमरची टोपी सपाट झाली का, फुगली का, टरफलाला भेग आहे का. नळी-सिलिंडरच्या फटीतून बाजूला काही उडतं का ते कागद लावून पाहायचं. मग दुसरी. काडतुसं ताजी, रिव्हॉल्व्हरची, पेटीवरचं नाव वाचून घेतलेली. आजोबांच्या कपाटात सापडलेली हिरवट पडलेली काडतुसं मी वापरणार नाही, हे सांगायची गरज नाही.

साशंक : सांगायची गरज आहे, कारण पुष्कळ अपघात तिथेच होतात. जुन्या काडतुसात दारू ओलसर किंवा मंद झालेली असते. ‘फुस्स’ असा आवाज येतो, माणसाला वाटतं उडालंच नाही, आणि तो पुन्हा चाप ओढतो. पहिली गोळी नळीतच अडकलेली असते. तू म्हणालीस ते काळं कडं असंच पडतं. आणि नळी जुनी असेल तर कड्यावर थांबत नाही, फाटते. त्या हिरवट काडतुसांचं काय केलंस?

वारस : अजून कपाटात आहेत. वेगळ्या डब्यात.

साशंक : परवान्यात नोंद नसलेली काडतुसं घरात ठेवणं हाही गुन्हाच आहे. विहिरीत टाकू नकोस, जाळात टाकू नकोस, उघडून दारू काढू नकोस. पोलीस ठाण्यात लेखी देऊन जमा कर. कुणी पोहोच देत नसेल तर पोहोच मागून घे.

आता तुझ्या शिकंज्याबद्दल. शिकंज्यातून दोन गोळ्या नीट गेल्या म्हणजे त्या दोन गोळ्या गेल्या, एवढंच. थकलेला जोड तिसऱ्यालाही जाऊ शकतो, तिसाव्यालाही. तू हेच म्हणशील की बसलाही हेच लागू. लागू आहे. फरक इतकाच की बसने मला घाटापलीकडे जायचं असतं. ती जोखीम घेऊन मला काहीतरी मिळतं, आणि ती बस दर वर्षी दुसरी कुणी तटस्थ यंत्रणा तपासते. तुला रेंजवरून काय आणायचं आहे? त्या एका गोळीतून तुला असं काय कळणार आहे, जे आज माहीत नाही?

वारस : कदाचित काहीच कळणार नाही. मी कळण्यासाठी करतच नाही. घरात जात्यावर आता कुणी दळत नाही, तरी लग्नात हळद त्याच जात्यावर दळतात; का, ते कुणी विचारत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला ते रिव्हॉल्व्हर पाटावर मांडतात, तलवारीशेजारी. त्याला गंध लागतं, फूल लागतं. लहानपणापासून मी त्याला नमस्कार केला आहे. आणि मी त्या घरातली पहिली बाई आहे जिच्या नावावर त्याचा परवाना आहे. माझ्या आत्यांना ते हातात धरायलाही मिळालं नाही. जी वस्तू ज्या कामासाठी घडली ते काम ती माझ्या हातात एकदा तरी करो, असं मला वाटतं. यात मला मिरवायचं नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत झाडणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे; २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंतची कैद आणली ते बरंच झालं. मी रेंजवर, नियमाने, एकदा म्हणते आहे.

साशंक : आत्यांचं जे सांगितलंस ते माझ्या हिशेबात नव्हतं. त्याचं वजन मी कमी लेखत नाही. पण त्यातूनच मला एक विचारायचं आहे. परवान्याच्या अर्जात कारण काय लिहिलंस?

वारस : वारसा. नियमात तशी वाट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. आजोबा गेल्यावर ते ताबडतोब विक्रेत्याकडे जमा केलं होतं, वारसांची संमतिपत्रं जोडली, पोलिसांची चौकशी झाली.

साशंक : म्हणजे कायद्याने तुला ते आठवण म्हणून दिलं, पण दिलं ते चालतं हत्यार म्हणून. शस्त्र कायद्यात सवलत आहे ती जुन्या, निकामी शस्त्राला, तीही दुरुस्त करूनही चालणार नाही अशा. तुझं चालू शकतं, म्हणून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक आली की जमा करण्याचा आदेश, घरात कुलूपबंद कपाट. जोवर ते चालू शकतं तोवर घरात एक चालतं हत्यार आहे. हत्याराचा धोका फक्त नळी फाटण्याचा नसतो. घरातल्या वयात आलेल्या मुलाचा एखादा काळोखा दिवस, दोन भावांचं बांधावरचं भांडण, कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत असलेला पाहुणा. मला जास्त काळजी त्या दिवसाची वाटते, जेव्हा हत्यार अगदी व्यवस्थित चालेल.

वारस : मग तुमचं टोकाचं उत्तर हेच ना, की ते निकामी करून टाका? नळीत पोलादाचा खिळा वितळवून बसवा, घोड्याची सुई कापा, आणि काचेत ठेवा. पण तुम्हीच मघाशी पॉलिशलाही नको म्हणालात! अक्षरं वाचवायची आणि नळीत खिळा ठोकायचा? ज्या घरांवर एन.पी. आहे ती घरं वितळवून बंद करायची, म्हणजे साक्षीदाराची जीभ कापून त्याचा फोटो जपण्यासारखं आहे.

साशंक : नाही, मी ते निकामी करायला सांगणार नाही. तिथे मी अडतो, हे खरं आहे. एकदा निकामी केलं की पुढे कुणालाही, आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्यालाही, त्याच्याकडून काही कळून घेता येणार नाही.

वारस : म्हणजे ते चालण्याजोगं असावं, पण कधी चालू नये, असं तुमचं म्हणणं. चालत नाही अशी खात्री केली तर पुरावा जातो, चालतं ठेवलं तर घरात धोका राहतो, चालवलं तर नळीचा धोका. या तिन्हींतून तुम्ही कुठलाच पूर्ण नाकारत नाही. मग माझ्या एका गोळीलाच एवढा विरोध का? त्या गोळीने घरातला धोका वाढत नाही. उलट काडतूस कुठलं, घर कसलं, जोड कसा, हे सगळं मी तिच्या निमित्ताने तपासून घेईन. तुमच्या सल्ल्याप्रमाणे नुसतं कपाटात ठेवलं तर पुढच्या पिढीला ते भरलेलं आहे की रिकामं, हेही कळणार नाही, आणि तेव्हा घरात सूक्ष्ममापी आणणारं कुणी नसेल.

साशंक : हा मुद्दा मला टाळता येत नाही. न तपासता ठेवलेलं हत्यार हे तपासून चालवलेल्या हत्याराहून जास्त धोक्याचं, हे मी मान्य करतो. तेव्हा तपासण्या कर. साचा घे, जोड मोज, तड्यांची परीक्षा परवानाधारकाच्या समोर होऊ दे, आणि जे सापडेल ते क्रमांकासह कागदावर लिहून परवान्याला जोडून ठेव. ‘फक्त .३२ लाँग, पिस्तुलाचं काडतूस कधीही नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिही, साच्याने तसंच सांगितलं तर. आणि साच्याने आखूड सांगितलं?

वारस : तर प्रश्नच मिटला. लांब काडतूस त्यात घालणार नाही, आणि घर कोरून लांबही करून घेणार नाही. तेवढं मी आत्ताच कबूल करते.

साशंक : मग मतभेद एवढ्यापुरता उरला, की सगळं ठीक निघालं तर. तेव्हाही मी नको म्हणेन, आणि तेव्हा माझ्याकडे पोलादाचं कारण नसेल.

वारस : ते कारण कोणतं, ते मला तेव्हा सांगा. पोलादाचं नसेल तर मी त्याच्याशी वेगळा वाद घालीन.

साशंक : आजच सांगतो, म्हणजे तुला तयारीला वेळ मिळेल. ते हत्यार माणसावर रोखण्यासाठी घडलं. त्याने ते काम कधी केलं का, तुला माहीत नाही. पणजोबांनी ते कुणावर रोखलं का, कुळांच्या वसुलीच्या काळात ते कमरेला असताना समोर कोण उभं होतं, हेही माहीत नाही. क्रमांकाने ते कळत नाही, साच्यानेही कळणार नाही. ‘ज्या कामासाठी घडली ते काम’ असं तू म्हणालीस, तेव्हा मला कागदाचं निशाण दिसलं नाही.

वारस : मलाही ते कधीकधी दिसतं. आमच्या गावात अजून दोन म्हातारी माणसं आहेत ज्यांचे वडील आमच्याकडे कुळं होते. रेंजवर जायच्या आधी त्यांना विचारीन. ती सांगतील की नाही, आणि सांगितल्यावर मला चाप ओढावासा वाटेल की नाही, ते आज मी सांगू शकत नाही. साचा मात्र पुढच्या आठवड्यात घेते आहे.